ग्रंथी मंद असल्याने

आपण आजारी आहोत ही गोष्ट तातडीरावांना आरशानं सांगितली, आणि तीही संध्याकाळी सात वाजता, म्हणजे सगळ्या ऑफिसनं त्यांचं तोंड पाहून झाल्यावर.

झालं ते असं. तातडीराव एका मोठ्या ऑफिसच्या आवक-जावक विभागात बसत. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा आणि तो ज्याच्या त्याच्या टेबलाकडे पिटाळायचा, हे त्यांचं काम. शिक्के सात होते, पण जीव एकावरच: 'तातडीचे'. सव्वीस वर्षं तो शिक्का त्यांनी इतक्या जोरात हाणला होता की खालच्या मजल्यावरची माणसं छताकडे बघून "आले वाटतं" म्हणायची. तातडीराव हे नाव त्यावरूनच पडलं. खरं नाव सेवापुस्तकात होतं आणि सेवापुस्तक कपाटात होतं.

अलीकडे काही महिने त्यांना दुपारची डुलकी लागू लागली होती. त्या दिवशी त्यांनी एका कागदावर शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत म्हणून डोळे मिटले, आणि त्याच कागदावर गाल टेकवून चाळीस मिनिटं झोपले. मग उठून चार टेबलं फिरले, साहेबांसमोर उभे राहून आले. कुणी काही बोललं नाही. गालावर उलटी उमटलेली जांभळी अक्षरं कुणाला वाचता येईनात. काहीतरी कातडीचं असेल, विचारणं बरं दिसत नाही, असं सगळ्यांना वाटलं. घरी आरशात मात्र अक्षरं सुलटी झाली, आणि तातडीरावांनी स्वतःच्या गालावर वाचलं: 'तातडीचे'.

बायको मागे उभी होती. ती म्हणाली, "आता तरी डॉक्टरकडे चला. तोंडावर लिहून आणलंय तुम्ही."

ती हे गेले पाच महिने सांगत होती. तातडीराव उन्हात स्वेटर घालून बसत. आवाज घोगरा झाला होता, चेहरा सुजल्यासारखा दिसत होता, आणि खुर्चीतून उठण्याआधी ते खुर्चीच्या हातांकडे बराच वेळ बघत बसत. पण बायकोला खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची होती. ते ओरडेनासे झाले होते. लग्नापासून रोज सकाळी सहाला "चहा!" अशी आरोळी उठायची, ती तीन घरांत ऐकू जायची. समोरच्या घरातले निवृत्त हेडमास्तर त्यावर घड्याळ लावायचे. ती आरोळी बंद झाली होती. चहा गार मिळाला तर गार पीत, साखर विसरली तर तसाच पीत. बायकोनं एकदा मुद्दाम मीठ घालून पाहिलं. तेही ते प्यायले, आणि त्या दिवशी ती मोरीत जाऊन रडली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, "गळ्यात थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते. शरीराचा वेग तिच्या हातात असतो. तुमची मंदावली आहे."

"माझी?" तातडीरावांनी विचारलं. त्यांना वाटलं, रिपोर्ट कुणा दुसऱ्याचा असावा, रेकॉर्ड विभागातल्या एखाद्याचा वगैरे.

"तुमचीच. रोज सकाळी उठल्याबरोबर अनशापोटी ही गोळी घ्यायची, पाण्याबरोबर. मग तासभर काही नाही, चहासुद्धा नाही. हळूहळू ताकद परत येईल."

"म्हणजे साधारण गुरुवारपर्यंत?"

"दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आता अडचण जिन्याची होती. आवक-जावक विभाग तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टवरची 'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी दोनदा नव्यानं रंगवून झाली होती. तातडीरावांना प्रत्येक वळणावर टेकावं लागे. म्हणून डॉक्टरीणबाईंनी दाखला दिला: 'यांची थायरॉइड ग्रंथी मंद असल्याने यांना थकवा येतो. उपचार सुरू आहेत. तीन महिने जिने टाळावेत.' तातडीरावांनी त्याला अर्ज जोडला की तीन महिन्यांपुरतं मला टेबल आणि शिक्क्यांसह तळमजल्यावर बसवावं. अर्जावर स्वतःच 'तातडीचे' मारलं. पण शिक्का नेहमीसारखा वाजला नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तीच आहे. नऊ वर्षांपूर्वी तातडीरावांनी साहेबांच्या मागे लागून एक नियम करून घेतला होता. लांबलचक टिपण्यांमुळे कागद रेंगाळतात असं त्यांचं ठाम मत होतं. तेव्हापासून प्रत्येक विभागात लाल अक्षरांत पाटी होती: 'टिपणी एका ओळीत लिहावी.' मागच्या टेबलानं लिहिलेल्या ओळीखाली पुढच्या टेबलानं तिच्याहून लहान ओळ लिहायची, आणि साहेबांनी फक्त शेवटची ओळ वाचून सही करायची. कागद पळू लागले. कुठे पळतात हे कुणी पाहत नव्हतं, पण पळत होते.

तर पहिल्या टेबलानं लिहिलं: 'थायरॉइड ग्रंथी मंद असल्याने तळमजला मागतात.' दुसऱ्या टेबलावरचे गृहस्थ भाषेच्या बाबतीत कडक. त्यांनी 'थायरॉइड' हा परका शब्द काढून टाकला. राहिलं: 'ग्रंथी मंद असल्याने तळमजला.' तिसऱ्या टेबलावर आस्थापनेच्या बाई. ग्रंथी हे कर्मचाऱ्याचं आडनाव आहे अशी त्यांची समजूत झाली. आडनावं काय, कसलीही असतात. आणि टिपणीत आडनाव न घालता 'सदर कर्मचारी' लिहायचं ही पद्धत. त्यांनी पद्धतीप्रमाणे लिहिलं आणि साहेबांनी पद्धतीप्रमाणे सही केली. तिसऱ्या दिवशी आदेश निघाला:

'सदर कर्मचारी मंद असल्याने त्यांना तळमजल्यावर जुने रेकॉर्ड येथे बसविण्यात येत आहे. तातडीचे काम देऊ नये. सेवापुस्तकात नोंद घ्यावी.'

तातडीरावांनी आदेश तीनदा वाचला. पूर्वी असं काही झालं असतं तर त्यांनी तिन्ही मजले डोक्यावर घेतले असते. आता शिपाई शिक्के न्यायला आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "हा जरा जपून. याचा दांडा सैल आहे."

जुन्या रेकॉर्डची खोली जिन्याखाली होती. एक दिवा, लोखंडी मांडण्या, आणि ओल आलेल्या कागदांचा वास. तिथे काम असं नव्हतंच. कुणी जुनी फाइल मागितली तर द्यायची, आणि कुणी मागत नसे. बातमी मात्र सगळीकडे पोचली. मंडळी भेटायला येत आणि त्यांच्याशी मोठ्यानं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलत. "बरं... आहे... ना?" शिपायानं त्यांना दाराची कडी कशी लावायची ते दोनदा करून दाखवलं. वाईट म्हणजे तो प्रेमानं दाखवत होता.

घरी आदेश वाचून बायको म्हणाली, "आता आस्थापनेला कळलं होय? मी तर..." आणि एकदम थांबली. नवऱ्यानं चिडावं म्हणून ती बोलली होती. तो चिडला नाही. "असेलही खरं," असं म्हणून भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. तिनं आदेशाची घडी घालून तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवला.

मग शेजार जागा झाला. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना थायरॉइड बारा वर्षांपासून होता आणि त्याबद्दल त्यांना रास्त अभिमान होता. आल्या आल्या त्यांनी रिपोर्टातला थायरॉइडचा आकडा विचारला, "टीएसएच किती?"

"बासष्ट," बायकोनं सांगितलं.

"बासष्ट? अहो, मग काहीच नाही! माझा एकशे अठरा होता." तातडीरावांना आजारातही दुसरा नंबर मिळाला. वहिनी पुढे म्हणाल्या, "नुसत्या गोळीनं काय होतंय? शक्तीचं काहीतरी द्या त्यांना." आणि त्यांनी एक तांबड्या रंगाच्या औषधाची बाटली आणून दिली, दोन चमचे सकाळी.

हेडमास्तरांचं मत निराळं होतं. "हा सगळा मनाचा खेळ आहे. माणसानं ठरवलं पाहिजे. मी बेचाळीस वर्षांत एकदाही थकलो नाही."

"तुम्ही खुर्चीवर बसून होता," बरोबर आलेली त्यांची बायको म्हणाली.

"वर्गात उभं राहायचो!" हेडमास्तर म्हणाले आणि खाली बसले. जाताना मात्र दारात घुटमळून त्यांनी हळूच विचारलं, "सकाळची आरोळी कधी सुरू होईल साधारण? नाही, घड्याळ सात मिनिटं मागे पडलंय माझं."

तातडीरावांच्या सकाळी आता अशा जात. सहाला गोळी. मग बायको मायेनं लगेच दोन चमचे तांबडं औषध पाजायची, कारण ते काही खाणं नव्हे, औषधच आहे, असा तिचा हिशोब. मग तासभर ते भिंतीवरच्या घड्याळासमोर बसत. एका रविवारी शर्टाची बटणं लावता लावता ते तिसऱ्या बटणाशी थांबले आणि अर्धा तास तसेच बसून राहिले. दुखत काहीच नव्हतं. चौथं बटण फार लांब वाटत होतं, बस्स. त्यांच्या मनात आलं, 'मंद' हा शब्द चुकून लिहिला गेला असेल, पण चुकीचा कशावरून? सव्वीस वर्षं धावलो तो मी नव्हतोच, ती ग्रंथी धावत होती. ती थांबली, आणि खाली जो उरला तो हा असा. या विचारानं त्यांना इतकं वाईट वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि पुसायला हात उचलायचाही कंटाळा आला. बायकोनं पुढे होऊन आधी चौथं बटण लावलं, मग डोळे पुसले.

दीड महिन्यानं रक्त तपासलं. बासष्टाचे फक्त अठ्ठावन्न झाले होते, आकडा बराच खाली यायला हवा होता. डॉक्टरीणबाईंच्या कपाळावर आठी पडली. "गोळी चुकते का?"

"एक दिवस नाही," बायको म्हणाली.

"गोळीनंतर काय घेता?"

"काही नाही हो. शक्तीचं औषध तेवढं." आणि तिनं पिशवीतून बाटली काढली. डॉक्टर शाबासकी देतील असं तिला वाटलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरची अक्षरं वाचली. "यात लोह आहे. ते गोळीबरोबर पोटात गेलं की गोळी नीट लागू पडत नाही. मध्ये निदान चार तास हवेत. आणि यांना लोहाची गरजच नाही, रक्त चांगलं आहे."

म्हणजे दीड महिना ताकद येऊ नये म्हणून ताकदीचं औषध चाललं होतं. घराच्या दाराशी आल्यावर बायको म्हणाली, "मीच पाजलं हो तुम्हाला."

"असू दे," तातडीराव म्हणाले. ते रागावले असते तर तिला परवडलं असतं.

बाटली बंद झाली. बायको आता गोळीनंतर तासभर स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसे, आणि वहिनी नुसत्या सहज आल्या तरी त्यांच्या हातांकडे आधी बघे. पहिले पंधरा दिवस काही दिसलं नाही. मग एक दिवस तातडीरावांनी स्वेटर काढून ठेवला. मग आवाज थोडा सुटला. एका दुपारी जुन्या रेकॉर्डमध्ये बसल्या बसल्या त्यांच्या लक्षात आलं की आपण मांडणीवरच्या फाइली सालवार लावतोय, आणि कुणी सांगितलेलं नाही. त्याच दुपारी त्यांनी अपील लिहिलं: सेवापुस्तकातला 'मंद' हा शब्द काढावा आणि मला माझा शिक्का परत द्यावा. निवृत्तीला पाच वर्षं होती. माणूस जातो, सेवापुस्तक राहतं; त्यात आपल्या नावापुढे तो शब्द ठेवून जायचं नाही, एवढं एकच त्यांनी मनाशी धरलं.

सुनावणी लागली, पण ती तिसऱ्या मजल्यावर. तातडीरावांनी खालून फोन केला तेव्हा आस्थापनेच्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला जिने मना आहेत. वर आलात तर दाखला खोटा ठरतो."

"आणि नाही आलो तर?"

"तर गैरहजर म्हणून अपील निकाली."

"मग मी करू काय?"

"ते अपिलात लिहायला हवं होतं."

साहेबांनी खाली यावं तर साहेबांचे गुडघे धड नव्हते. तीन दिवस या प्रश्नाचा कागद फिरला, आणि शेवटी तोड निघाली. सुनावणी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांमधल्या जिन्याच्या वळणावर घ्यायची. साहेब दीड मजला उतरतील, सदर कर्मचारी दीड मजला चढतील, आणि दोघांचं पथ्य सारखंच मोडलं जाईल.

ठरल्या दिवशी अकराला तातडीराव निघाले. वळणावर दोन खुर्च्या आणि एक स्टूल मांडलेलं होतं, साहेब नव्हते. अकरा पाच झाले, अकरा दहा झाले. सव्वीस वर्षं ज्यानं कागद रेंगाळू दिला नाही त्याला आता स्वतःचाच कागद रेंगाळलेला बघवेना. ते उठले आणि साहेबांच्या केबिनचं दार ढकलून म्हणाले, "साहेब, अकराची वेळ होती!"

साहेब चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "अहो, तुम्ही वर कसे आलात?"

तातडीरावांनी मागे वळून जिन्याकडे बघितलं. कुठे टेकल्याचं त्यांना आठवेना. दम लागलेला नव्हता.

साहेब माणूस वाईट नव्हता. "मी तुम्हाला इथे पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "चला, खाली वळणावर जाऊ." मग साहेब कठड्याला धरून एकेक पायरी उतरले, आणि तातडीरावांनी त्यांना हात दिला.

सुनावणी पाच मिनिटांत झाली. फाइली घेऊन जाणारी माणसं दोघांच्या मधून वाट काढत होती. साहेबांनी दाखला वाचला, डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "चूक आमची आहे. दुरुस्ती करून टाकू. तुम्हीच लिहा, म्हणजे पुन्हा घोटाळा नको. एका ओळीत, तुमचाच नियम आहे."

तातडीरावांनी स्टुलावर कागद ठेवला. गेल्या तीन महिन्यांत जे जे मनात साठलं होतं ते सगळं त्यांनी पाच शब्दांत बसवलं: 'ग्रंथी मंद आहे, माणूस नाही.' साहेबांनी ती ओळ वाचून मान डोलावली. "वा! एकही शब्द जास्त नाही. जाऊ दे टेबलांवरून."

त्या संध्याकाळी तातडीरावांनी घरी दोनदा शीळ घातली. चौथ्या दिवशी, ऑफिस सुटता सुटता, दुरुस्तीचा आदेश शिपायानं हातात आणून दिला. सेवापुस्तकात नोंद आधीच झाली होती, तांबड्या शाईनं. पहिल्या टेबलानं ओळ तशीच ठेवली होती, दुसऱ्यानंही तशीच. ओळ मुळातच लहान होती, कापण्यासारखं काही नव्हतं. आस्थापनेच्या बाईंनी फक्त आडनावाच्या जागी पद्धतीप्रमाणे करायचं ते केलं होतं:

'सदर कर्मचारी मंद आहे, माणूस नाही.'

ते घरापर्यंत कसे आले ते त्यांना कळलं नाही. बायकोनं दार उघडलं, त्यांचा चेहरा बघितला आणि कागद हातातून घेतला. तिनं तो वाचला. तिला काही म्हणायचं होतं, पण तेवढ्यात तातडीरावांच्या तोंडून आवाज निघाला. आधी घोगरा, मग मोठा, मग एवढा मोठा की समोरचं दार उघडलं. "माणूस नाही? सव्वीस वर्षं! सव्वीस वर्षं तिथे काय खुर्ची बसली होती? त्या बाईंना म्हणावं... कागद आणा! पेन आणा!" हेडमास्तर दारात उभे होते. त्यांनी सवयीनं मनगटावरच्या घड्याळाची चावी धरली, संध्याकाळ आहे हे लक्षात आल्यावर ती सोडून दिली आणि दार लोटून घेतलं.

तातडीराव टेबलाशी बसले आणि अपील लिहू लागले. एका ओळीत नाही. पहिलं पान भरलं, दुसरं भरलं. थायरॉइड म्हणजे काय, ग्रंथी म्हणजे काय, मंद म्हणजे काय आणि माणूस म्हणजे काय, हे ते क्रमानं लिहीत गेले. एवढा लांब कागद कुठलंही टेबल वाचणार नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. अपिलाची मुदत, सुनावणी, जिन्याचं वळण, सगळं पुन्हा पहिल्यापासून होतं, आणि ते संपेपर्यंत बहुधा निवृत्ती आली असती. तरी ते लिहीत होते. बायकोनं चहा आणून शेजारी ठेवला आणि आत गेली. तिसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांनी कप उचलून घोट घेतला.

"गार!" ते ओरडले. "हा चहा आहे का काय आहे? किती वेळचा आणून ठेवलाय?"

आत बायको ओट्याला धरून उभी होती. तिनं पदरानं डोळे पुसले आणि तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं, "तुम्हीच ठेवलात गार! उठा आणि गरम करून घ्या!"

खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. तातडीरावांनी खुर्चीच्या हातांकडे बघितलंही नाही. कप घेऊन ते तरातरा आत आले आणि म्हणाले, "काडेपेटी कुठे ठेवलीय?"